पत्रिका उघडण्याआधी

ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून लग्नाचं निमंत्रण आलं. अगत्यानं येण्याचा आग्रह, ३० ऑगस्ट ही तारीख आणि खाली पीडीएफसारखी दिसणारी एक फाइल. लग्न कोणाचं, हे बघायला त्यांनी ती उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले.

त्यांना ना लॉटरीचं आमिष होतं, ना दामदुपटीचं. दारी आलेली पत्रिका न वाचता बाजूला ठेवणं आपल्याकडे रीतीला धरून नाही, आणि ठगांनी नेमकी हीच रीत हेरली. त्यामुळे ‘मी काही लोभी नाही, मी कशाला फसेन?’ या भरवशावर कोणीही राहू नये.

फाइलच्या पोटात काय असतं?

अशा फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरं असतात. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. खरी पत्रिका फोटो, व्हिडिओ किंवा पीडीएफ असते. ती वाचायला कुठलंही ॲप बसवावं लागत नाही. एपीके उघडताना फोन सहसा एकदा अडवतो आणि बाहेरचं ॲप बसवू का, असं विचारतो. तिथे ‘नाही’ म्हटलं तर संकट टळतं. ‘हो’ म्हटलं, की ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती मिळाली की बँकेचा ओटीपी आपल्याबरोबर ठगालाही दिसतो.

पत्रिकेच्या जागी कधी वाहनाचं ई-चलन असतं, कधी पीएम किसानच्या हप्त्याची यादी. हळद, सोयाबीनचे पैसे आणि योजनांचे हप्ते थेट खात्यात येणाऱ्या आपल्या हिंगोली जिल्ह्यात अशा नावांवर चटकन विश्वास बसतो. पण योजनेची माहिती ‘गव्ह डॉट इन’नं संपणाऱ्या संकेतस्थळावरच बघावी आणि ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यावं.

ओळखीचा नंबर हा पुरावा नव्हे

काही वेळा असं ॲप फोनचा ताबा घेऊन त्यातल्या साऱ्या नंबरांना तोच संदेश धाडतं. मग पत्रिका मामाच्या किंवा शाळेतल्या सरांच्या नावानं येते. म्हणून संदेश कोणी पाठवला यापेक्षा तो आपल्याला काय करायला सांगतो, हे आधी बघावं. ॲप बसवा, ओटीपी सांगा, आत्ताच पैसे भरा, घरात कोणाला बोलू नका, यांतलं एक जरी असलं तरी थांबावं आणि पाठवणाऱ्याला साधा फोन करावा. ‘डिजिटल अरेस्ट’ची, म्हणजे फोनवरूनच अटक केल्याची, धमकी देणाऱ्या व्हिडिओ कॉलनाही हीच कसोटी लावावी, कारण अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही.

‘सगळ्यांना पाठवा’ ही मागणीही याच यादीतली. युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं, हा खोटा संदेश आधी ई-मेलवरून आणि मग व्हॉट्सॲपवरून वर्षानुवर्षं फिरला. त्यात कोणाचे पैसे गेले नाहीत. पण न तपासता पुढे पाठवायची सवय अंगवळणी पडली. तिची किंमत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसली. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती आणि जमावानं डवरी गोसावी समाजातल्या पाच निरपराध माणसांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. संदेशावर दुहेरी बाण दिसला, तर तो अनेक हातांतून आला आहे असं समजावं आणि आपण तो पुढे पाठवू नये.

फाइल उघडली गेली तर

त्या फोनचं इंटरनेट लगेच बंद करावं. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड थांबवावं. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा. ठगाच्या खात्यातून रक्कम काढली जाण्याआधी तक्रार पोहोचली, तर ती रक्कम तिथेच गोठवता येते. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात लेखी तक्रारही द्यावी. फोन पुन्हा वापरण्याआधी जाणकाराकडून पूर्ण रिसेट करून घ्यावा.

हे सगळं वेळेत होण्याआड बहुतेक वेळा लाज येते. शिकला-सवरलेला असून फसलास कसा, हे ऐकावं लागेल या भीतीनं माणूस दोन दिवस गप्प बसतो आणि तेवढ्यात पैसे हातचे जातात. घरातल्या कोणी ‘माझ्याकडून चूक झाली’ म्हटलं तर त्याला बोल लावू नका. आधी १९३० लावून द्या. मग गावच्या ग्रुपवर कळवा, की अमुक नावाची फाइल आली तर उघडू नका. हा एक संदेश मात्र जरूर पुढे पाठवावा.