इंग्रजी उतारा ऐकून उत्तर देणे

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. तथापि उतारा ऐकून उत्तर देताना मुले गोंधळतात. न्हावा शेवा येथील बंदर १९८९ साली सुरू झाले. तेथील जहाजांविषयी चार सोपी वाक्ये रचून शिक्षकांनी ती दोनदा वाचावीत. तत्पूर्वी प्रश्न वाचून ‘कोण, कोठे, किती’ यांपैकी काय विचारले आहे, हे मुलांनी ठरवावे. प्रथम आशय ऐकावा; दुसऱ्या वेळी आकडे टिपावेत. ‘थर्टी’त आघात आरंभी, ‘थर्टीन’मध्ये बहुधा शेवटी असतो, हा भेद न कळल्यास तेरा कंटेनरचे तीस होतात. ‘बट’नंतर विधान पालटू शकते, म्हणून उत्तराची घाई नसावी. एखादा शब्द निसटला तरी पुढे ऐकत राहावे. अर्थ जाणणारे मूल केवळ कानाच्या सवयीअभावी मागे राहू नये.