भिंतीचा पायथा आणि माथा

घराची डागडुजी निघाली म्हणजे फरशी कोणती घालावी व रंग कोणता द्यावा, यावर घरोघरी महिना-महिना खल होतो. परंतु भिंत फरशीस मिळते तेथील स्कर्टिंग आणि छतास मिळते तेथील कंगणी, या दोन पट्ट्यांचा विचार मात्र बहुधा गवंड्याच्या मर्जीवर सोपविला जातो. आम्हीही एकदा तसेच केले आणि त्याची किंमत मोजली.

आमचे घर बेळगावातील जुन्या वळणाचे. पुढे दुकान, मागे माजघर, वर दिवाणखाना. या गावचा पाऊस भिंतींच्या अंगी मुरतो, हे सभासद बंधूंस सांगणे नको. तरीही नव्या गिलाव्याचा ओल पुरता वाळण्यापूर्वीच माजघरास सागवानी फळ्यांचे स्कर्टिंग ठोकून घेण्याची घाई आम्ही केली. दोन पावसाळे गेले. फळ्या फुगल्या, भिंतीपासून सुटल्या, आणि त्यांच्या पाठीमागे वाळवीचे मातीचे बोगदे निघाले. सागाच्या गाभ्यास वाळवी सहसा लागत नाही. परंतु आम्हांस मिळालेल्या फळ्यांत कडेचे पांढरे लाकूड पुष्कळ होते, आणि भिंतीत ठोकलेल्या गुट्ट्या तर साध्याच लाकडाच्या होत्या.

कारागिराने विषारी औषध मारण्याचा सल्ला दिला. आईंनी तो साफ नाकारला. गृहस्थाच्या हातून घर बांधताना, चूल पेटविताना जी आरंभी हिंसा घडते, ती श्रावकास सर्वस्वी टळत नाही हे खरे; पण स्वतःच्या गाफीलपणाने जीवांस बोलवावयाचे व मग जाणूनबुजून मारावयाचे, हे त्यांच्या मनास पटेना. आम्हांस खर्चाची चिंता होती, दाराच्या चौकटी वाचतील की नाही याची त्याहून अधिक. घरात दोन दिवस अबोला राहिला, हेही येथे लपवीत नाही.

अखेर सर्व फळ्या व गुट्ट्या काढून अंगणाच्या टोकास नेऊन ठेवल्या. मागील पन्हळीचे पाणी भिंतीच्या पायाशी पडत होते, ते दूर वळविले. भिंत पूर्ण एक उन्हाळा उघडी ठेवली. मग शहाबादी फरशीच्या चार इंची पट्ट्या सिमेंट-वाळूच्या एकास तीन मिश्रणात बसविल्या, आणि चौकटींचे पाय दगडी उंबरठ्यावर घेतले. पट्टीच्या पाठीमागे पोकळी राहिली नाही याची खात्री प्रत्येक पट्टी बोटाने वाजवून केली. पोकळ आवाज आला की ती काढून पुन्हा बसविली. सांधे पांढऱ्या सिमेंटने भरले. जेथे फट नाही तेथे झुरळ अंडी घालीत नाही, मुंगीस घर मिळत नाही. आणि मग औषधाचा प्रश्नही बहुधा उद्भवत नाही. पट्टीची वरची कड किंचित उतरती घासून घ्यावी, म्हणजे धूळ साचत नाही व मऊ केरसुणीने काम भागते.

लाकडाचा हट्टच असेल तर तो वरच्या मजल्यावर, कोरड्या भिंतीस पुरवावा. तेथे कोपऱ्यावरील काप पंचेचाळीस अंशांचा गृहीत धरू नये. जुन्या घराचा कोपरा क्वचितच काटकोनी असतो. म्हणून तो प्रत्यक्ष मापून त्याच्या निम्म्याने दोन्ही फळ्या कापाव्यात.

हिशेबाचेही दोन शब्द. बारा फूट बाय दहा फुटांच्या खोलीचा घेर ४४ फूट. तीन फुटांचे एक दार वजा जाता स्कर्टिंग ४१ फूट लागते. कंगणीस मात्र पूर्ण ४४ फूट हवी. तुकड्यांच्या नासाडीसाठी दहावा हिस्सा वर धरावा. दर रनिंग फुटाचा ठरतो. त्यात दारे वजा आहेत काय आणि कड घासण्याची मजुरी आली काय, हे आधी विचारावे. पेढीवर पै-पैचा हिशेब ठेवणारे आम्ही घरकामात हेच विचारण्यास विसरतो!

कंगणीची गोष्ट निराळी. शिल्पशास्त्रात मंदिराच्या बाहेर झुकलेल्या गोलसर कंगणीस 'कपोत' म्हणतात, म्हणजे पारवा. आणि आमच्या दुकानाच्या कंगणीवर खरेच पारव्यांची वस्ती होती. तिचा माथा सपाट होता. घरटी रिकामी होईपर्यंत थांबून आम्ही तो चांगला उतरता करून घेतला. पारवे समोरच्या वडावर गेले.

दिवाणखान्यातील चुन्याची कंगणी मात्र आजोबांच्या वेळची. तिचा हातभर भाग ढासळला होता. सगळीच उतरवून तयार प्लास्टरची पट्टी चिकटवावी, असे ठेकेदाराचे मत. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे सुमारे दीडशे अंश सेल्सिअसवर भाजलेला जिप्सम. कालविल्यावर पाऊण घटकेच्या आत घट्ट होतो, काम झटपट उरकते. पण छतातून पाणी झिरपले की तो भुसभुशीत होतो, म्हणून कौलाखाली आम्ही तो टाळला. एका वृद्ध गवंड्याने शाबूत भागावरून पत्र्याचा फर्मा कापला, ओल्या चुन्यावरून लाकडी पट्टीच्या आधाराने तो पुनःपुन्हा ओढला, आणि फर्मा पोचत नव्हता तेथील कोपरा हातानेच घडविला. चार दिवस लागले.

चुन्याचा अजून एकच हात झाला असल्याने नवा भाग थोडा अधिक पांढरा दिसतो. दुसरा हात दिवाळीपूर्वी द्यावा, असे ठरले आहे.