नारळीभात : पथ्य की अपथ्य?

रत्नागिरीकडून आंबा घाट चढून कोल्हापूरकडे निघालेली वाहने चहा-जेवणासाठी ज्या गावांत थांबतात, त्यांपैकी आमचे मलकापूर एक. घाटाखालचा नारळ येथे सहज चढून येतो आणि शाहूवाडीचा मुलूख तर भाताचाच. त्यामुळे कोकण आणि देश यांची गाठ येथील ताटातही पडते. गेल्या श्रावणात नारळी पौर्णिमेस येथील एका गजबजलेल्या खानावळीत आम्ही जेवावयास बसलो होतो. अळूची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ, ताक आणि तुपाची धार सोडलेला नारळीभात असा बेत होता. वाढप्याने आग्रहाने दुसऱ्यांदा भात वाढला आणि त्याच वेळी शेजारच्या बाकावरून आवाज आला, “काय डॉक्टर, आमचा नारळ बंद केलात, नि तुमच्या ताटात हा डोंगर!”

बोलणारे गृहस्थ मूळचे संगमेश्वरकडील, निवृत्त एस. टी. चालक, आमचे जुने रुग्ण. स्थौल्य आणि रक्तातील वाढलेला मेद यांसाठी सहा महिन्यांपूर्वी आम्ही त्यांना छापील पथ्यपत्रक दिले होते. त्यात ‘नारळ : पूर्ण वर्ज्य’ अशी ओळ होती. ते पुढे म्हणाले, “मुलाकडे मलेशियात दोन महिने राहून आलो. तिकडे लोक सकाळी उठून नारळाच्या दुधातला भात खातात. त्यांना चालतो, तुम्हाला चालतो, मग आम्हालाच का नाही?” आम्ही हसून वेळ मारून नेली खरी, परंतु घास गोड लागला नाही. प्रश्न बिनतोड होता आणि उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते.

ते ज्याविषयी बोलत होते तो ‘नासी लेमाक’. मलय भाषेत ‘नासी’ म्हणजे भात आणि ‘लेमाक’ म्हणजे स्निग्धता. १९०९ साली रिचर्ड विन्स्टेड यांनी मलय लोकजीवनावर लिहिलेल्या पुस्तकातही त्याचा उल्लेख येतो. २०२४ मध्ये युनेस्कोने मलेशियातील न्याहारीच्या परंपरेस मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. त्या न्याहारीतही हा भात आहे. तांदूळ नारळाच्या दुधात शिजवताना त्यात केवड्याच्या कुळातील एक सुगंधी पान टाकतात. आपल्याकडे परसात लावतात ती आंबेमोहर पात तीच. सोबत लाल मिरचीची परतलेली चटणी, तळलेले बारीक सुके मासे, भाजलेले शेंगदाणे, काकडीच्या चकत्या व उकडलेले अंडे असते. हे सारे केळीच्या पानात बांधून देण्याची रीत आहे. शेतात राबणाऱ्यांची ही पोटभरीची न्याहारी होती, असे सांगतात.

येथे एक शंका वैद्यबंधूंच्या मनात येईल : मासे आणि नारळाचे दूध हे विरुद्धाशन नव्हे काय? चरकाचार्यांनी मत्स्य व दूध यांचा विरोध सांगितला आहे, तो क्षीरवर्गातील दुधाविषयी. नारळाचा रस हा फलरस होय. त्यास आपण दूध म्हणतो ते केवळ रंगावरून. कोकणातील माशांच्या आमटीसही हा दोष लावता येत नाही.

द्रव्य एक, परिणाम अनेक

नारिकेल मधुर, शीत, गुरु, स्निग्ध, बृंहण व बल्य, तसेच बस्तिशोधक असे ग्रंथकार सांगतात. ते दुर्जर व विष्टंभी असल्याचाही इशारा देतात. स्थौल्यात ते वर्ज्य ठरविण्यास एवढे पुरेसे वाटते. मात्र हेच दुर्जर द्रव्य किसून, तुपात परतून, नारळाच्याच पाण्यात साखरेसह शिजवून व धणे, पिंपळी, नागरमोथा, जिरे आदींची जोड देऊन ‘नारिकेल खंड’ होतो. तो आपण अम्लपित्त व शूल यांत देतो. सैंधवासह पुटपाक केलेले ‘नारिकेल लवण’ परिणामशूलात वापरतो. द्रव्य एकच, संस्काराने त्याचे कार्य पालटले.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आहाराची आठ आयतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. आमच्या पथ्यपत्रकाने यांतील केवळ पहिले, म्हणजे द्रव्याचा स्वभाव, तेवढे पाहिले होते.

नारळीभाताला हा निकष लावून पाहावा. नारळी पौर्णिमा वर्षाऋतूत येते. अग्नी मंद, वात प्रकुपित. अशा वेळी गुरु व शीत नारळ का? आमच्या मते उत्तर पाककृतीतच आहे. तांदूळ आधी तुपावर भाजला जातो, त्यामुळे तो हलका होतो; वर्षर्तूत सांगितलेला जुना तांदूळ घेतला तर अधिकच. नारळ ओला पण खोवलेला. लवंग, वेलदोडा व जायफळ दीपनाचे काम करतात, तूप वाताला आवरते आणि ताक शेवटी पचनास साहाय्य करते. परंपरेने तो वाढला जातो मूदभर, आणि तोही सणाला. खानावळीत ‘हवा तितका घ्या’ म्हणून वाढला की राशी बिघडते. बारमाही मिष्टान्न झाला की काल बिघडतो. ओल्या खोबऱ्यात शंभर ग्रॅममागे सुमारे ३३ ग्रॅम स्नेह असतो, हे विसरून चालणार नाही.

देशाचे महत्त्व

आधुनिक संशोधनही एका वाक्यात निकाल देत नाही. २०२० साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण आले. शेंगदाणा-सूर्यफुलासारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते, असे त्यात दिसले. ते मान्यच केले पाहिजे. दुसरीकडे, प्रशांत महासागरातील टोकेलाऊ बेटावरील लोकांना निम्म्याहून अधिक ऊर्जा नारळातून मिळत असे, तरी त्यांच्यात रक्तवाहिन्यांचे विकार विरळ होते, असे १९८१ च्या अभ्यासात नोंदले गेले. त्यांतील जे न्यूझीलंडला स्थलांतरित झाले, त्यांच्या आहारातील संपृक्त स्नेह घटला, साखर वाढली आणि रक्तातील मेदाची स्थिती बिघडली. मलेशियातही भात तोच असला तरी आता खाणारा शेतात नाही, खुर्चीवर आहे. २०१९ च्या तेथील राष्ट्रीय पाहणीत निम्म्या प्रौढांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. त्याचा दोष एका पदार्थास देता येणार नाही. पण उपयोक्ता बदलला की आहाराचे फळ बदलते, हे ध्यानी यावे.

आमची चूक

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांना बोलावून आम्ही प्रथमच त्यांचा दिनक्रम सविस्तर विचारला. नारळ सुटल्यावर आमटी बेचव झाली, जेवण घटले आणि संध्याकाळी फरसाण, चहाबरोबर खारी-बिस्किटे सुरू झाली होती. वजन तसूभरही घटले नव्हते. मलावरोध मात्र जडला होता. आम्ही जन्मापासूनचे सात्म्य तोडले आणि त्या जागी काय येईल, हे विचारलेच नाही.

नवे पत्रक हाताने लिहिले. आमटीपुरते ओले खोबरे, दिवसा एकदाच, आले-जिऱ्यासह, फरसाण व खारी बंद, नारळीभात सणाला मूदभर, रोज चालणे. त्यांची चालू असलेली आधुनिक औषधे आम्ही थांबविली नाहीत. तीन महिन्यांत मलप्रवृत्ती सुधारली, रुची परतली आणि वजन थोडे उतरले. रक्ततपासणीवर लक्ष आहेच. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडण्याचा आमचा हेतू नाही. मात्र छापील पत्रकांचा गठ्ठा आम्ही टेबलावरून काढून ठेवला आहे.

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. नारिकेल खंडात साखर असते. प्रमेहाचा रुग्ण तो मागावयास आला, तर वैद्याला विचारून मगच द्यावा. पोटदुखीवर नारिकेल लवण मागणाऱ्यास रक्तदाब आहे काय, हेही अवश्य विचारावे.

‘वर्ज्य’ हा शब्द लिहिण्यास क्षण पुरतो, पण तो रुग्णाच्या ताटात वर्षानुवर्षे राहतो. तो लिहिण्यापूर्वी आठही आयतने पाहावीत. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.