आई, माझं घर उघडत नाहीये!

मिक्सर मध्येच थांबला तर आपण आधी प्लग काढतो, भांड्यातले थोडे वाटण कमी करतो, खालचे लाल बटण दाबतो आणि तरीही नाही चालला तरच दुकान गाठतो. कुकरची शिटी होत नसेल तर रिंग आणि वाफेची नळी पाहतो. घरातल्या प्रत्येक यंत्राची खोड गृहिणीला पाठ असते. मग मुलांचा संगणकावरचा खेळ ‘अपडेट’ होता होता अडकला, की आपले हातपाय का बरं गळावेत? “मला त्यातलं काही कळत नाही, बाबा आले की सांग,” असे म्हणून आपण मोकळ्या होतो. बाबा अंधेरीहून आठ वाजता येणार, दमलेले असणार, आणि तोवर मुलीने रडून घर डोक्यावर घेतलेले असणार!

मैत्रिणींनो, हे काम तुम्हाला नक्की जमण्यासारखे आहे. त्यासाठी इंजिनियर व्हावे लागत नाही. लागते ती थोडी शांत बुद्धी आणि कामाची पद्धत. पोळ्या लाटताना लागते तेवढीच.

संगणकातली भातुकली

मुलींमध्ये आणि खरे सांगायचे तर कित्येक आयांमध्येही आवडता असलेला एक खेळ आहे, ‘द सिम्स’. यात कोणाला मारायचे नसते की शर्यत जिंकायची नसते. घर बांधायचे, ओटा कुठे, पलंग कुठे ते ठरवायचे, माणसांना नोकरीला पाठवायचे, जेवू घालायचे, त्यांची लग्ने लावायची, मुलेबाळे वाढवायची. आपली भातुकलीच ती, फक्त पडद्यावरची. अशा खेळांना ‘सिम्युलेशन’ म्हणतात, म्हणजे खऱ्या गोष्टीची हुबेहूब नक्कल.

याच्या जन्माची कथा ऐकण्यासारखी आहे. विल राइट या अमेरिकन गृहस्थांनी १९८९ साली शहर वसवण्याचा ‘सिमसिटी’ हा खेळ काढला. पुढे ऑक्टोबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर मोठा वणवा लागला आणि त्यात त्यांचे राहते घर जळाले. सगळा संसार नव्याने उभा करताना, माणसाला नेमके कोणते सामान लागते आणि का, याचा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. त्यातून २००० साली ‘द सिम्स’ आला. सध्याचा चौथा भाग २०१४ चा, आणि त्याचा मूळ खेळ ऑक्टोबर २०२२ पासून फुकट मिळतो. म्हणून कुणी चोरून केलेली प्रत देऊ करील तर मुळीच घेऊ नका. अशी प्रत नीट अपडेट होत नाही आणि तिच्याबरोबर नको ते पाहुणेही संगणकात शिरतात.

आता मुलीने सहा महिने खपून जे घर सजवले, ते एका दुपारी उघडेनासे झाले, तर तिला रडू येणारच. “खेळच तर आहे!” असे तेवढे म्हणू नका. आपण विणत आणलेला स्वेटर कुणी उसवला तर आपल्याला काय वाटेल?

आधी काय करू नये

पहिली गोष्ट, बटण दाबून संगणक बंद करू नका. अपडेट म्हणजे जुन्या फायली काढून त्या जागी नव्या बसवणे. माळ्यावरचे डबे निम्मे खाली आणि निम्मे वर असताना शिडी काढून घेतली तर जे होईल, तेच इथे होते. पडद्यावरचा टक्का हलत नाहीसा वाटला तरी अर्धा तास वाट पाहा.

दुसरी गोष्ट, खेळ लगेच काढून टाकू नका. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची: कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला “फॉर्मॅट मारतो, सगळं ठीक होईल” असे म्हणू देऊ नका. फॉर्मॅट म्हणजे घराला उंदीर लागले म्हणून घरच रिकामे करणे. त्यात खेळ जातो, मुलीचे घर जाते आणि त्यांच्याबरोबर नणंदेच्या लग्नाचे फोटो, आयकराचे कागद, सोसायटीचा हिशेब, सासऱ्यांचे तपासणी अहवाल हेही जातात. एका खेळासाठी एवढी किंमत द्यायची नसते. दुसरा काही इलाजच नसेल, तर आधी सगळ्याची नक्कल काढून घ्या आणि ती स्वतः उघडून पाहा. मगच ‘हो’ म्हणा.

खेळ वेगळा, घर वेगळे

हे एवढे लक्षात ठेवले तरी निम्मी काळजी मिटते. खेळाचा कार्यक्रम संगणकात एका जागी असतो आणि मुलीने रचलेले घर दुसऱ्या जागी. ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ नावाचा फोल्डर असतो, त्यात ‘द सिम्स ४’. त्याच्या आत ‘सेव्हज’ म्हणजे चालू संसार, ‘ट्रे’ म्हणजे जपून ठेवलेली घरे आणि ‘मॉड्स’ म्हणजे बाहेरून आणलेले जादा सामान. गॅसची शेगडी बिघडली म्हणून डब्यातले पीठ खराब होत नाही, तसेच हे.

तेव्हा कशालाही हात लावण्यापूर्वी हा अख्खा ‘द सिम्स ४’ फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. आता पुढे काही चुकले तरी मुलीचे घर तुमच्या मुठीत आहे.

घोडे अडते कुठे?

बहुतेक वेळा कारण अगदी साधे असते. क्रमाने पाहा.

जागा: या खेळाला वीस-पंचवीस जीबी जागा लागते, आणि अपडेट उतरवून उलगडायला त्याशिवाय मोकळी जागा हवी. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल, तर नवे सामान ठेवणार कुठे? वन-रूम-किचनमध्ये संसार केलेल्या बाईला हे वेगळे सांगायला नको! जुने सिनेमे, दोनदा उतरवलेल्या फायली काढा आणि ‘रिसायकल बिन’ रिकामा करा.

इंटरनेट: मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अपडेट लावला असेल, आणि पॅक दिवसाला दीड किंवा दोन जीबीचा असेल, तर चार जीबीचा अपडेट एका दिवसात पुरा होणारच नाही. मर्यादा संपली की वेग मुंगीचा होतो आणि आपल्याला वाटते की खेळ बिघडला. अशा वेळी शेजारच्या वहिनींच्या वायफायची मदत घ्यायला काय हरकत आहे?

वीज: बोरिवली-अंधेरीला बिल अदानीचे येवो, नाही तर मुलुंड-भांडुपला महावितरणचे, वीज जायची तेव्हा जातेच. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी तर अख्ख्या मुंबईची वीज गेली होती आणि लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. म्हणून पावसाळ्यात मोठा अपडेट लावताना लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या. घरी टेबलावरचा संगणक असेल तर यूपीएस हवा. मध्येच वीज गेली तर एखादी फाइल अर्धवट लिहिली जाते आणि खेळ सुरू होता होता मिटतो.

संगणकाचे वय: २०१९ पासून हा खेळ पुढे ६४ बिटांच्या संगणकांसाठीच वाढवला गेला. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’, त्याच्या तळाशी ‘अबाउट’, तिथे आपला संगणक ३२ की ६४ ते लिहिलेले असते. ३२ असेल तर बाकीची खटपट व्यर्थ आहे. मुलीला तसे समजावून सांगा.

ही चारही ठीक असतील, तर संगणक रीतसर बंद करून पुन्हा सुरू करा. मग हा खेळ ज्यातून चालतो तो ‘ईए अ‍ॅप’ उघडा. त्यात खेळाच्या चित्रावरच्या तीन टिंबांवर टिचकी मारली की ‘रिपेअर’ असा पर्याय दिसतो. तो दाबल्यावर संगणक एकेक फाइल तपासतो आणि खराब असेल तेवढीच नव्याने आणतो. तांदूळ निवडून खडा तेवढा काढावा, तसे. वेळ लागतो. तोवर तुम्ही भाजी चिरून घ्या.

निम्मे-निम्मे

रिपेअर झाले, तरी खेळ उघडत नाही किंवा उघडून पडतो, असे असेल तर संशय ‘मॉड्स’वर घ्यावा. ही जादा केशभूषा, साड्या, सोफे हौशी मंडळींनी बनवलेले असतात. खेळ बदलला की जुने सामान नव्या घरात बसत नाही. म्हणून अपडेटनंतर खेळ स्वतःच मॉड्स बंद करून ठेवतो. मुलगी घाईघाईने ते पुन्हा चालू करते आणि मग तक्रार येते.

‘मॉड्स’ फोल्डर उचलून डेस्कटॉपवर ठेवा. शेजारीच ‘लोकलथम्बकॅश’ नावाची एक फाइल दिसेल, ती पुसून टाका. तिची भीती नको, खेळ ती पुन्हा बनवतो. आता खेळ उघडला? मग दोषी सापडलाच म्हणायचा, तो मॉड्समध्येच लपला आहे.

पण चौसष्ट मॉड्स असतील तर एकेक करून तपासायचे का? छे! घरातला एमसीबी वारंवार पडतो तेव्हा हुशार वायरमन काय करतो? निम्मी बटणे बंद करून पाहतो. तसेच बत्तीस आत ठेवा, बत्तीस बाहेर. बिघाड झाला तर तो आतल्या बत्तिसांत आहे, नाही तर बाहेरच्या. मग सोळा, आठ, चार, दोन, एक. चौसष्टातला एक खोडकर अवघ्या सहा फेऱ्यांत सापडतो. दोन खोडकर असले तर थोडा वेळ जास्त, पण रीत तीच. हे काम मुलीकडूनच करून घ्या. सुट्टीच्या गृहपाठापेक्षा ती यातून जास्त शिकेल.

खेळ उघडतो पण तिचे नेमके घरच उघडत नाही, असे झाले तर ‘लोड गेम’च्या पानावर ‘रिकव्हर सेव्ह’ आहे. खेळ प्रत्येक संसाराच्या मागच्या काही नकला आपणहून ठेवत असतो. कालचे नाही तर परवाचे घर मिळते. एक दिवसाची सजावट गेली, घर तर राहिले!

दोष आपला नसतो तेव्हा

कधी कधी बनवणाऱ्यांकडूनच चूक होते. जुलै २०२२ मधल्या एका अपडेटनंतर सिम्समधली माणसे भराभर म्हातारी होऊ लागली. सकाळची नवी नवरी, अन् बघता बघता आजीबाई! कंपनीला दुसरा अपडेट काढून ते सुधारावे लागले. असे काही विचित्र दिसले तर खेळ ‘सेव्ह’ न करता बंद करावा आणि चार दिवस थांबावे. सेव्ह केले की ते म्हातारपणही सेव्ह होते. पुढच्या वेळेसाठी ईए अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये आपोआप होणारे अपडेट बंद करून ठेवता येतात. नकला काढून झाल्या की आपल्या सोयीने लावावेत.

आणि ही पाळी मोठमोठ्यांवरही येते, बरं का. १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले. आपल्या मुंबईच्या विमानतळावरही काही विमान कंपन्यांना प्रवाशांची नोंद हाताने करावी लागली, आणि देशात काही ठिकाणी चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीने तासा-सव्वातासात ती फाइल मागे घेतली. पण जे संगणक सुरूच होत नव्हते, त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? माणसांना एकेका संगणकापाशी जाऊन, तो ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून, ती एक फाइल पुसावी लागली. यंत्र जळले नव्हते, काही फुटले नव्हते. एका नासक्या फायलीने सारा घोळ केला होता. तुमच्या घरीही बहुधा तसेच असते.

एक फोन मात्र करू नका

“तुमचा संगणक धोक्यात आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा,” असा ठळक मजकूर पडद्यावर आला तर तो शंभर टक्के फसवणुकीचा समजा. खऱ्या कंपन्या बिघाडाच्या सूचनेत फोन नंबर देत नाहीत. इंटरनेटवर शोधून मिळालेला ‘मदत क्रमांक’ही तितकाच संशयास्पद असतो. पलीकडचा गोड बोलून तुमच्या संगणकाचा ताबा मागेल, मग पाच-दहा रुपये भरायला सांगेल, मग ओटीपी. खेळ राहील बाजूला, आणि भिशीचे पैसे जातील! असे घडलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या सरकारी सायबर मदत क्रमांकावर कळवा. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. मुलांनाही आजच सांगून ठेवा की पडद्यावर काहीही आले तरी आधी आईला हाक मारायची.

आणि हो, शनिवारी आपण डबे पुसतो, देवाची भांडी घासतो, त्यातच एक काम वाढवा. मुलीला बसवून तिचा तो फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला लावा. वर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, लोणच्याच्या बरणीवर चिकटवतो तशी. त्याच बैठकीत घरातले फोटोही उतरवून होतील. पाच मिनिटांचे काम आहे. पण पुढच्या वेळी अपडेट फसला तर घरात रडारड होणार नाही, आणि मुलगी म्हणेल, “थांब गं आई, माझ्याकडे नक्कल आहे.”