व्यवस्थापन : धंद्यातील सहावे काम

व्यवस्थापन हा शब्द ऐकला की आपल्या छोट्या कारखानदारांना आणि व्यापाऱ्यांना वाटते, ही मोठ्या कंपन्यांची बाब आहे. ज्यांच्याकडे हजार माणसे कामाला आहेत, मोठमोठ्या कचेऱ्या आहेत, त्यांनी त्याचा विचार करावा. आपल्याकडे बारा-पंधरा माणसे, चोवीस माग किंवा कापडाची एक पेढी. तेथे कसले आले व्यवस्थापन? शेठ सकाळी येतो, रात्री कुलूप लावतो. सगळे त्याच्या डोक्यात असते.

सगळे त्याच्या डोक्यात असते, हेच आपल्या धंद्याचे खरे दुखणे आहे. शेठ आजारी पडला, हजला गेला किंवा अचानक वारला, की कोणाकडून किती येणे आहे, कोणत्या कारीगराला किती उचल दिली आहे, कोणत्या गिरणीचे सूत कोणत्या मालाला चालते, हे कोणालाच ठाऊक नसते. मुले आपसांत भांडतात, जुने कारीगर दुसरीकडे जातात. बापाने तीस वर्षांत उभे केलेले दोन-तीन वर्षांत विकले जाते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या गावांत अशी उदाहरणे प्रत्येक गल्लीत सापडतील. म्हणून व्यवस्थापन म्हणजे नेमके काय, ते आपल्या धंद्याच्या भाषेत समजून घेऊ.

हा विचार कोणी मांडला?

हेन्री फेयॉल हे फ्रान्समधील खाण अभियंता होते. १८६० साली ते एका कोळसा व पोलाद कंपनीत नोकरीला लागले. १८८८ मध्ये कंपनी बुडण्याच्या बेतात असताना त्यांच्याकडे सर्व कारभार आला. त्यांनी ती सावरली आणि १९१८ साली निवृत्त झाले तेव्हा कंपनी भक्कम स्थितीत होती. आपला अनुभव त्यांनी १९१६ साली लिहून प्रसिद्ध केला.

फेयॉल म्हणतात की, प्रत्येक धंद्यात सहा प्रकारची कामे असतात. पहिले माल तयार करण्याचे, दुसरे खरेदी-विक्रीचे, तिसरे भांडवलाचे, चौथे माल व माणसांच्या सुरक्षिततेचे, पाचवे हिशेबाचे आणि सहावे व्यवस्थापनाचे. आता आपण स्वतःला तपासून पाहावे. विणकाम आपल्याला येते, सूत हातात घेऊन आपण त्याचा काउंट सांगतो. खरेदी-विक्रीत आपला हात कोणी धरू शकत नाही. पैसा उभा करणे, माल सांभाळणे, वही लिहिणे हेही जमते. सहावे काम मात्र आपल्याला कोणी शिकवले नाही. धंदा जसजसा वाढतो, तसतशी मालकाला हातातील कसबापेक्षा या सहाव्या कामाची गरज अधिक पडते, असे फेयॉल यांचे सांगणे आहे. चार मागांचा मालक उत्तम विणकर असला तरी पुरते. चाळीस मागांच्या मालकाला तेवढे पुरत नाही. आणि हे काम जन्मजात येत नाही, ते शिकता येते, यावरही त्यांचा भर होता.

फेयॉल यांनी व्यवस्थापनाचे पाच भाग केले. पुढे अमेरिकेतील कूंट्झ व ओ'डोनेल यांनी १९५५ च्या आपल्या पुस्तकात त्यांची मांडणी थोडी बदलली. आज महाविद्यालयांत साधारणपणे तीच शिकवतात : नियोजन, संघटन, कर्मचारी भरती व जोपासना, मार्गदर्शन आणि नियंत्रण.

१) नियोजन

उद्या काय होणार हे कोणाला सांगता येत नाही. परंतु दरवर्षी जे होते, ते तर आपल्याला माहीत आहे. ईदला कारीगर गावी जातात, छठला बिहारचे कारीगर जातात, लग्नसराईत आणि निवडणुकीत हजेरी घटते. तरीही दरवर्षी आपण ऐनवेळी धावाधाव करतो.

चोवीस मागांचा कारखाना घ्या. एका पाळीत तीन कारीगर, प्रत्येकाकडे आठ माग. एक जण न सांगता घरी राहिला की आठ माग बंद, म्हणजे त्या पाळीचे एक तृतीयांश उत्पादन गेले. जागेचे भाडे, विजेचा स्थिर आकार आणि बँकेचे व्याज काही थांबत नाही. म्हणून वर्षाचे कॅलेंडर भिंतीवर लावून कोण केव्हा जाणार हे आधी विचारून लिहावे, बदली कारीगर ठरवून ठेवावा आणि त्याच दिवसांत मागांची मोठी दुरुस्ती काढावी. नियोजन म्हणजे एवढेच.

२) संघटन

कोणते काम कोणाचे, कोण कोणाला जबाबदार, हे ठरवणे म्हणजे संघटन. आपल्याकडे एकाच कारीगराला शेठ एक सांगतो, शेठचा मुलगा दुसरे, मेहता तिसरे आणि जॉबर चौथे. फेयॉल यांचा एक नियम असा की, माणसाला हुकूम एकाच ठिकाणाहून मिळावा. तो मोडला की काम बिघडते आणि दोष कारीगराच्या माथी येतो.

या बाबतीत अहमदाबादचे उदाहरण आपल्याच धंद्यातील आहे. १९५३ साली कॅलिको मिलमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी स्वयंचलित मागांच्या एका खात्याचा अभ्यास केला. तेथे २२४ माग आणि एका पाळीत २९ कामगार होते. यंत्रे नवी, तरी उत्पादन अपेक्षेप्रमाणे येईना आणि खराब कापड निघे. कामाचे बारा वेगवेगळे तुकडे केले होते. विणकर वेगळा, बॉबिन भरणारा वेगळा, तुटलेला ताणा सांधणारा वेगळा, तेल देणारा वेगळा. एक माग नीट चालायला इतक्या जणांचे हात लागत, पण तो माग आपला असे कोणालाच वाटत नव्हते. राइस यांनी सुचवले की, ठराविक मागांवर ठराविक माणसांचा एक लहान गट असावा. कामगारांनी ही कल्पना उचलून धरली आणि कोणत्या गटात कोण हे आपसांत ठरवले. सुरुवातीच्या अडचणी दूर झाल्यावर उत्पादन वाढले आणि खराब मालाचे प्रमाण घटले. यंत्रे तीच होती, माणसेही तीच होती. बदलली ती कामाची वाटणी.

३) माणसे निवडणे आणि टिकवणे

यालाच आज मनुष्यबळ व्यवस्थापन किंवा एच. आर. म्हणतात. आपल्या राज्यात याचा इतिहास गिरण्यांशी जोडलेला आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामगार भरतीचे काम जॉबरच्या हाती असे. तो आपल्या गावचा, आपल्या ओळखीचा माणूस आणी. काम देण्यासाठी दस्तुरी घेई, काम टिकवण्यासाठी पुन्हा घेई. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली आणि भरतीसाठी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी बंधनकारक झाला.

लहान कारखान्यात आजही भरती जॉबर किंवा जुन्या कारीगराच्या ओळखीवर चालते. ओळख वाईट नाही. पण घेण्याआधी नवख्या माणसाला दोन दिवस मागावर बघावे. काम, दर, सुटी आणि पगाराचा दिवस त्याच्यासमोर लिहावा आणि त्याच्या भाषेत वाचून दाखवावा.

दुसरी बाब उचलीची. मोठी उचल दिली की कारीगर बांधला गेला, असा आपला समज आहे. अनुभव याच्या उलट आहे. जो पैशाने बांधला आहे, त्याला दुसरा शेठ जास्त उचल देऊन सोडवून नेतो. शिवाय कर्जाच्या बदल्यात माणसाला कामावर अडकवून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. अडीअडचणीला उचल जरूर द्यावी, पण ती वहीत लिहावी, कपातीचा हप्ता ठरवावा आणि प्रत्येक पगाराला बाकी सांगावी. कारीगर टिकतो तो वेळेवर पगार, बरोबर मोजलेले मीटर आणि इज्जतीची वागणूक यांमुळे.

कायद्याकडेही लक्ष हवे. २९ जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत आणि आठवड्याचा पगार साप्ताहिक सुटीच्या आधी, शेवटच्या कामाच्या दिवशी द्यावा लागतो. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात आणि गुरुवारी पगार होतो, ती रीत या नियमाशी जुळणारी आहे. काम सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करावा लागतो. जादा कामाला दुप्पट दर आहे. दहा माणसांवर राज्य विमा, वीस माणसांवर भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. नियुक्तीपत्राचीही तरतूद आहे. आपल्या कारखान्याला यातले काय लागू होते, हे कर सल्लागाराला एकदा बसून विचारावे.

४) मार्गदर्शन

हुकूम सोडणे म्हणजे मार्गदर्शन नव्हे. काम कसे करायचे ते दाखवणे, चुकल्यास एकांतात सांगणे, चांगले केल्यास चौघांत सांगणे, हे त्यात येते. आपल्याकडे नेमके उलटे होते. चूक चौघांत ओरडून सांगतात आणि शाबासकी मनात ठेवतात. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे मेहता, जॉबर आणि दोन्ही पाळ्यांचे कारीगर यांना एकत्र बसवून अडचणी विचाराव्यात. कोणत्या मागाचा पट्टा सैल आहे हे शेठच्या आधी कारीगराला कळते, पण त्याला कोणी विचारत नाही.

५) नियंत्रण

नियंत्रण म्हणजे पाळत ठेवणे असा गैरसमज आहे. जे ठरवले आणि जे झाले, यांत फरक किती आणि तो का पडला, हे पाहणे म्हणजे नियंत्रण. घडीच्या टेबलावर दोष निघाला की आपण दंड कापतो आणि विषय संपवतो. त्याऐवजी एक वही ठेवावी. तारीख, माग क्रमांक, पाळी, कारीगर, बीम क्रमांक आणि दोष, एवढेच रकाने. तीन आठवडे लिहून मग वाचावी. एकाच मागावर दोन्ही पाळ्यांत तोच दोष असेल तर दोष मागाचा, जॉबरला बोलवा. कारीगर दुसऱ्या मागावर गेला आणि दोष त्याच्याबरोबर गेला, तर त्याला शिकवण्याची गरज आहे. एका खेपेच्या सगळ्या बीमांवर दोष असेल तर सूत किंवा सायझिंग पाहा. दंडाने यांतले काहीच कळत नाही. उलट निर्दोष माणसाचा पैसा कापला जातो आणि तो मनातून उठतो.

सुरुवात कोठून करावी?

ही पाचही कामे आपण रोज करतोच, पण तोंडी आणि एकट्याने करतो. ती कागदावर आली की मुलगा, भाऊ किंवा मेहता ती चालवू शकतो. त्यासाठी संगणक असलाच पाहिजे असे नाही. दोनशे पानी चार वह्या पुरेत : हजेरी व सुट्यांची, उचलीची, दोषांची आणि येणे-देणे व कराराची. चारही वह्या दर आठवड्याला घरातील पुढच्या पिढीच्या एका माणसाने शेठसमोर बसून वाचाव्यात. मुलीला हिशेबाची आवड असेल तर तिने वाचाव्यात.

सहा महिन्यांनी शेठने आठ दिवस कारखान्यात पाऊल ठेवू नये आणि फोनही करू नये. परत आल्यावर माग चालू असतील, पगार वेळेवर झाला असेल आणि वह्या पूर्ण असतील, तर धंदा पुढच्या पिढीच्या हाती देण्याजोगा झाला आहे असे समजावे. जेथे अडले असेल, तेथे वहीत काय लिहायचे राहिले ते शोधून लिहावे.