तेल्या आणि खैऱ्या एकाच प्रजातीचे कसे?

जुन्नर-आंबेगावात डाळिंबावर तेलकट काळे डाग पडून फळ तडकलं, की कुणीही सांगतं, तेल्या आला. बांधावरच्या कागदी लिंबावर खरबरीत तपकिरी खवडे दिसले, तर तो खैऱ्या. इथवर सगळं बरोबर. घोळ होतो तो पुढे.

गैरसमज : तेल्या ही बुरशी आहे. नाही, तो जिवाणू आहे. ताज्या डागाची कड कापून पाण्याच्या थेंबात ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. कापलेल्या जागेतून दुधट लोट बाहेर पडतो, ते जिवाणूच. बुरशीच्या डागातून असा लोट निघत नाही. म्हणून तेल्यावर नुसतं कार्बेन्डाझिम मारणं म्हणजे पैसे पाण्यात.

गैरसमज : पीक वेगळं, रोग वेगळा, म्हणजे जिवाणूची प्रजातीही वेगळी. हा समज शेतकऱ्यांनी नव्हे, शास्त्रज्ञांनीच रुजवला आणि त्यात पुण्याचाही वाटा आहे. १९४० आणि ५०च्या दशकांत पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम. के. पटेल आणि त्यांचे सहकारी जिवाणूजन्य रोग हुडकत होते. नव्या झाडावर जिवाणू सापडला की त्याला नवं नाव, अशीच तेव्हाची जगभरची रीत होती. आंब्यावरच्या काळ्या ठिपक्यांच्या जिवाणूचं वर्णन त्यांनी १९४८मध्ये केलं. तेल्याची नोंद १९५२ची, आणि त्याच्या जिवाणूला स्वतंत्र प्रजातीचं नाव मिळालं १९५९मध्ये. अशा नावांची यादी शंभरावर गेली. पण प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या चाचण्यांत त्यांच्यात फरकच दिसेना. शेवटी १९७४मध्ये जिवाणूंच्या वर्गीकरणाच्या बर्गी या संदर्भग्रंथात त्यांतली बहुतेक नावं झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस या एका नावाखाली कोंबली गेली. कोणता जिवाणू कोणत्या पिकाला धरतो हे कळावं म्हणून १९८०पासून 'पॅथोव्हर' ही उपनावं आली. १९९५मध्ये डीएनए जुळवून पाहिल्यावर त्यांची पुन्हा वीस प्रजातींत फाळणी झाली. आज लिंबाचा खैऱ्या, डाळिंबाचा तेल्या, द्राक्षावरचा जिवाणूजन्य रोग, कापसाचा कोनात्मक करपा आणि आंब्याचे ते काळे ठिपके या सगळ्यांचे जिवाणू झँथोमोनास सिट्री या एकाच प्रजातीत गणले जातात.

मग बांधावरच्या लिंबाचा खैऱ्या डाळिंबावर जाऊन तेल्या होईल का? नाही. पॅथोव्हर वेगळे आहेत. खैऱ्याचा जिवाणू सुईसारख्या नळीतून लिंबाच्या पेशीत एक प्रथिन सोडतो, ते लिंबाचाच एक जनुक चालू करतं आणि खवडा उठतो. या प्रथिनाचा जनुक मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिड नावाच्या छोट्या वेगळ्या कड्यावर असतो. पीक ठरवणारी हत्यारं अशी मोजकी असतात, प्रजाती मात्र सगळा जनुकसंच जुळवून ठरते.

टोमॅटोत नेमकं उलटं. नारायणगावच्या बाजारात येणाऱ्या टोमॅटोवर जिवाणूजन्य ठिपके दिसले तर रोग एकच वाटतो. पण जगभरात या ठिपक्यांमागे झँथोमोनास या जिवाणू-वंशाच्या चार प्रजाती मानल्या गेल्या होत्या, आणि त्यांतल्या दोन एकत्र कराव्यात का, हा वाद नंतर झालाच.

गैरसमज : ९५ टक्के डीएनए जुळला म्हणजे जिवाणू जवळपास सारखेच. दोन जिवाणूंचे जनुकसंच साधारण ९५-९६ टक्के जुळले तर त्यांना एक प्रजाती धरतात. माणूस आणि चिंपांझी यांचा डीएनए सुमारे ९८ टक्के जुळतो, म्हणजे हाच निकष लावला तर आपण दोघे एकाच प्रजातीत! जिवाणूंना नर-मादी नाही, संकराची कसोटी लावता येत नाही, म्हणून ही रेषा माणसांनी सोयीसाठी आखली.

नाव बदललं म्हणून फवारणी बदलत नाही, हे सांगायलाही नको. पण प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला तर तो कशावरून दिलाय ते जरूर विचारा. नुसत्या १६एस जनुकावरून केलेली ओळख झँथोमोनासपर्यंतच भरवशाची, कारण या गटातल्या प्रजातींचा तो जनुक जवळपास सारखाच असतो. प्रजाती हवी असेल तर जायर-बीसारखे आणखी जनुक किंवा पूर्ण जनुकसंच वाचावा लागतो. आणि पॅथोव्हर पक्का करायचा, तर निरोगी डाळिंबाच्या रोपाला तो जिवाणू टोचून डाग उठतात का, हे पाहणं आलंच.