वॉरंटी संपण्याआधी

कर्ज काढून घेतलेल्या गाडीचे दार खडखडते, काच अडकते, पावसात डिकीत पाणी झिरपते. गाडी चालते ना, मग पुढच्या सर्व्हिसिंगला पाहू, असे घरोघरी म्हटले जाते. पण वॉरंटीला वर्षांची मर्यादा असते तशी किलोमीटरचीही. जी आधी भरेल तिथे ती संपते. भाड्याने चालणाऱ्या गाडीचे किलोमीटर तर भराभर भरतात.

आम्ही कारकुनी पेशातले, म्हणून कागदावर भर देतो. तोंडी तक्रारीला किंमत नाही. जॉबकार्डवर नुसते 'जनरल चेकअप' लिहिले असेल तर सही करू नये. 'चढावर पहिल्या गिअरमध्ये टकटक आवाज' असे स्पष्ट लिहवून घ्यावे. तारीख, किलोमीटर घालून प्रत जपावी. "हे नॉर्मल आहे, साहेब" म्हणाले, तर तेही लिहून मागावे. मग मात्र बरेचदा दोष सापडतो!

ब्रेक पॅड, वायपरचे रबर यांसारख्या झिजणाऱ्या वस्तू बहुधा वॉरंटीत नसतात. तिथे हुज्जत घालू नये.

दाद मिळाली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत जिल्हा आयोगाकडे जाता येते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकीलही सक्तीचा नाही.